राजा स्टीफन, मुक्काम डब्लिन, ओहायो

त्या वर्षी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमाला इंग्लंडचा राजा निवडला, त्याला कारण आदल्या वर्षीचं नाटक. आदल्या वर्षी पेशवाईतला एक प्रसंग केला होता. प्रयोग चांगला झाला, पण नंतर जेवणाच्या रांगेत कोणीतरी म्हणालं की आमच्या घराण्याला मुद्दाम पळपुटं दाखवलंय. श्रीखंड वाढून होईपर्यंत तीन घराण्यांचा अपमान झालेला होता. त्यातली दोन कुटुंबं अजूनही एकमेकांना इंडियन स्टोअरमध्ये बघितलं की मसाल्यांकडून डाळींकडे वळतात. म्हणून कार्यकारिणीने ठराव केला, की यंदा राजा असा हवा, ज्याच्या जातीचं, गावचं किंवा आडनावाचं हॉलमध्ये कोणी बसलेलं नसेल.

देवदत्तने तो शोधून आणला. देवदत्त मूळचा नागपूरचा, पोटासाठी डेटाबेस सांभाळायचा आणि जिवासाठी नाटकं लिहायचा. डब्लिनच्या लायब्ररीत बसून त्याने बाराव्या शतकातला स्टीफन उकरून काढला. "काका," तो मला म्हणाला, "याच्यावरून भांडायला आता इंग्लंडमध्येसुद्धा कोणी शिल्लक नाही."

मी मालिनीचा बाप, श्रीराम. लेक-जावयाकडे सहा महिन्यांसाठी आलो होतो. अमेरिकेत आलेल्या बापाला घरात कोणी काम करू देत नाही आणि गाडीशिवाय बाहेर जाता येत नाही, तेव्हा मला प्रॉम्प्टर करण्यात आलं. जावई प्रल्हादराव मंडळाचे अध्यक्ष. तालमी त्यांच्या बेसमेंटमध्ये, म्हणून राजाही तेच. याला कोणी हरकत घेतली नाही. घेतली असती तर त्यांनी लगेच मुकुट काढून दिला असता, आणि मग तो कोणाला द्यायचा यावर पुन्हा सभा भरली असती.

स्टीफनची गोष्ट अशी. इंग्लंडच्या हेन्री राजाचा मुलगा समुद्रात बुडून गेला. उरली मुलगी, मटिल्डा. राजाने सगळ्या उमरावांना बोलावून शपथ घ्यायला लावली, की माझ्यामागे गादी हिची. राजाचा भाचा स्टीफन शपथ घ्यायला इतका उत्सुक, की आधी मान कोणाचा यावरून त्याची आणि राजाच्या अनौरस मुलाची चुरस लागली. पुढे राजा मेला, तसा हाच स्टीफन घाईघाईने खाडी ओलांडून लंडनला आला आणि स्वतःला राज्याभिषेक करून घेऊन मोकळा झाला. मग देशात यादवी माजली, ती जवळजवळ वीस वर्षं. गावं जळाली, शेतं पडीक राहिली, ज्याने त्याने आपापला किल्ला बांधला. आणि नवल असं की स्टीफन दुष्ट नव्हता. लोक त्याला दयाळू म्हणत. समोर आलेल्याला त्याच्याने नाही म्हणवत नसे. दुष्ट राजाने एक बाजू तरी जगवली असती, असं देवदत्त म्हणायचा. याने दोन्ही मारल्या.

पहिल्या वाचनाला प्रल्हादराव हे ऐकून मान डोलवत होते. "बिचारा," ते म्हणाले.

बेसमेंटच्या बाहेर मात्र वेगळीच हवा होती. साल २००३. मंडळातली निम्मी माणसं एकाच कंपनीत, देवदत्तही त्यांत. ट्रक कुठे आहेत हे ट्रकवाल्यांना सांगणारं सॉफ्टवेअर ती कंपनी करायची. दर शुक्रवारी दुपारी तिथे कोणाला तरी वर बोलावलं जायचं आणि तो माणूस पुठ्ठ्याचा खोका घेऊन खाली यायचा. शुक्रवारी दुपारनंतर मराठी घरात फोन वाजला, तर उचलायला कोणी पुढे होत नसे. परत जाणारी कुटुंबं जड सामान मागे ठेवून जात. त्या सप्टेंबरपर्यंत मालिनीच्या गराजमध्ये चार मिक्सर, एक डायनिंग टेबल आणि दोन पाळणे जमले होते. "ठेव गं, परत आलो की नेऊ," असं सगळ्याच म्हणायच्या. ते रिकामे पाळणे नजरेस पडू नयेत म्हणून मी गराजचा दिवा न लावताच कचरा टाकून यायचो.

प्रल्हादराव त्या कंपनीत मॅनेजर. त्यांच्यावर एक साहेब होते, ज्यांचं आडनाव घरात कोणालाच धड म्हणता येत नसे, म्हणून सगळे त्यांना 'वरचे' म्हणत. 'वरच्यांनी बोलावलंय.' 'वरच्यांच्या मनात काय आहे कोण जाणे.' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं जावई अध्यात्माकडे वळले. तर वरच्यांनी प्रल्हादरावांना सांगितलं होतं, की तुझ्याकडच्या सत्यजित आणि मोहन या दोघांतला एकच ठेवायचाय. जाणाऱ्याचं नाव तू द्यायचंस.

सत्यजित पुण्याचा. त्याच्या व्हिसाची सहा वर्षं भरत आली होती आणि ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने केलेला. नोकरी टिकली तर अर्ज टिकणार, अर्ज टिकला तर माणूस टिकणार. नोकरी गेली, की दुसरी शोधायलासुद्धा या देशात थांबता येणार नव्हतं. त्याची बायको गिरिजा नर्सिंग शिकत होती आणि तिचं शेवटचं वर्ष उरलं होतं. नाटकात ती मटिल्डा. सत्यजित आधी एक उमराव आणि शेवटी मटिल्डाचा मुलगा, धाकटा हेन्री, कारण आमच्याकडे माणसं कमी होती आणि आठवड्यागणिक आणखी कमी होत होती. मोहन स्टीफनचा भाऊ, म्हणजे बिशप. मोहनला व्हिसाची काळजी नव्हती. त्याच्या बायकोचे उपचार कंपनीच्या इन्शुरन्सवर चालले होते, ती काळजी होती.

शपथेच्या प्रसंगावर देवदत्त अडला. मूळ शपथ परमेश्वराच्या साक्षीने, बिशपांच्या देखत वगैरे. "पब्लिकला काही होणार नाही, यार," तो म्हणाला. "आपल्या माणसाला शपथेची भीती वाटली पाहिजे. बेलभंडारा उचलायला लावू."

"इंग्लंडमध्ये?" मालिनीने विचारलं.

"इंग्लंडचे लोक मराठी बोलतात ते चालतं ना वहिनी तुम्हाला?"

 भंडारा मालिनीच्या देवघरात होता, जेजुरीचा, तिच्या सासूबाईंनी दिलेला. बेलाचं पान आणि ती हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे बेसमेंटमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्यांचा देवावर विश्वास नव्हता ते तर पुडीपासून जरा लांबच बसले. प्रश्न बेलाचा होता. प्रल्हादराव म्हणाले, मी आणतो. ते कशालाही असंच म्हणत. घरामागे ओढ्याकाठच्या झाडावर त्यांनी एक वेल चढलेला पाहिला होता, देठाला तीन-तीन पानं. गारठा होता म्हणून बागेतले हातमोजे घालून गेले आणि पिशवीभर पानं घेऊन आले. पानं कडेला तांबूस पडलेली, तेल लावल्यासारखी चमकत होती.

"बेल नाही," मालिनी म्हणाली, "पण त्रिदळ आहे. शंकर समजून घेईल."

रविवारी दुपारी तालीम रंगली. एकेक उमराव पुढे आला, तळहातावर पान, पानावर चिमूटभर भंडारा, आणि मूठ मिटून म्हणाला, "राजेसाहेबांच्या पश्चात गादी मटिल्डाबाईसाहेबांची. या शब्दाला अंतर देईन, तर माझ्या घरात दिवा लावायला कोणी उरणार नाही." देवदत्तचं समाधान होईना. तो पान स्वतः प्रत्येकाच्या हातात दाबायचा, मुठी आणखी आवळायला लावायचा, पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घ्यायचा. सिंहासनाशेजारी बसलेली गिरिजा नंतर मला म्हणाली, "काका, खोटं आहे हे माहीत असून मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते." स्टीफनच्या हातात राजेशाही हातमोजे होते, मूळचे बर्फात खेळायचे, वरून सोनेरी कागद लावलेले. मोहन त्या दिवशी नव्हता. सर्व्हर बंद पडला म्हणून कंपनीत अडकला होता.

सगळे वर चहाला गेले. सत्यजित मागे राहिला.

"प्रल्हाददादा, एक मिनिट."

मी खुर्चीतून उठायला लागलो. "काका, बसा तुम्ही," सत्यजित म्हणाला. "कोणीतरी ऐकलेलं बरं."

प्रल्हादराव हसले. "अरे, एवढं काय आहे?"

"तू मला म्हणालास, काळजी करू नकोस."

"मग? करू नकोस."

"ज्याचा पाळणा तुझ्या गराजमध्ये पडलाय, त्यालाही हेच म्हणाला होतास. हातमोजे काढ, दादा."

"नाटकातलं आहे रे ते."

"भंडारा नाटकातला नाहीये. तुझ्या देवघरातला आहे."

प्रल्हादरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. मग त्यांनी हातमोजे काढले, एक पान उचललं, त्यावर भंडारा घेतला आणि मूठ आवळली. "वरच्यांना मी तुझं नाव देणार नाही," ते म्हणाले. "झालं?"

"झालं," सत्यजित म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. तेवढं त्याने करायला नको होतं. नुसता शब्द माणसं विसरतात, पण आपण कोणापुढे वाकलो होतो ते विसरत नाहीत.

मंगळवारी पहिला फोन आला आणि बुधवारपर्यंत इंग्लंडचे यच्चयावत उमराव खाजवत होते. बोटांच्या बेचक्यांत पाणी भरलेले फोड, मनगटावर लाल रेघा, एकाचा तर डोळा सुजून बंद झालेला. मी लहानपणी बिब्बा उतलेली माणसं पाहिली होती, हे तसंच होतं, पण ओहायोत बिब्बा आणणार कोण? काहींनी त्यावर हळद लावली. त्याने ते पिवळे होऊन खाजवू लागले. शेवटी देवदत्त डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने हात न लावता लांबूनच पाहिलं आणि विचारलं, पॉयझन आयव्हीत, त्या विषारी वेलात, काय शोधत होतास? इथे म्हणे पहिलीतल्या पोरांना शिकवतात, तीन पानं दिसली की लांब राहायचं.

"आम्हाला उलटं शिकवलं होतं," देवदत्तने आम्हाला सांगितलं. "पण ते त्याला कसं सांगणार? मी म्हटलं, धार्मिक कारण होतं. त्याने स्टूल मागे घेतलं."

पहिला दिवस सगळे हसले. मग हसू ओसरलं. मंडळातल्या एका बाईने मालिनीला फोन करून हळूच विचारलं, भंडारा खरा होता का गं? दुसरीने विचारलं, नक्की काय शब्द म्हणायला लावलेत आमच्याकडच्यांना? मालिनीने शब्द सांगितले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. शुक्रवारी उमरावांपैकी दोघांना वर बोलावलं गेलं आणि ते फोड आलेल्या हातांनी खोके घेऊन उतरले. पुढच्या तालमीला त्यांच्या जागा रिकाम्या होत्या.  देवदत्तने त्यांची वाक्यं उरलेल्यांना वाटून दिली. ती घेताना प्रत्येकजण जरा कचरला.

प्रल्हादरावांच्या उजव्या हातालाही फोड होते. पण तालमीत राजाच्या हातात मोजे होते हे सगळ्यांनी पाहिलेलं. मग राजाला हे कशाने झालं, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगायचं? म्हणून ते आता घरातसुद्धा हातमोजे घालून बसायचे. टीव्ही बघतानासुद्धा.

त्याच तालमीला मोहन आला. उजव्या हाताला पांढरं बँडेज.

"तुला काय झालं?" गिरिजाने विचारलं.

"तुमचंच ते. बागेत थोडी साफसफाई करत होतो."

"तुझं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर आहे," सत्यजित म्हणाला. पाहुण्याला पत्ता सांगावा इतक्या सहज.

"खाली, कॉम्प्लेक्सच्या बागेत."

"तिथे त्यांची माणसं येतात ना मशीन घेऊन?"

मोहन बँडेजची सुटलेली कड पुन्हा चिकटवत बसला. ती चिकटेना.  मोहन शपथेच्या तालमीला नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. ती पानं पुन्हा कोणासमोर उचलली गेली असतील तर ती या घरातच, हेही कळायला फार डोकं लागत नव्हतं. सत्यजितने मोहनच्या हाताकडे पाहिलं, मग राजाच्या हातमोज्यांकडे, मग माझ्याकडे. मी एकाच शपथेचा साक्षीदार होतो. दुसरी मी पाहिली नव्हती, पण माझा चेहरा काही त्याच्या उपयोगी पडला नाही.

"सर," सत्यजित प्रल्हादरावांना म्हणाला, "सुरू करू या का? तुम्ही तयार असाल तर."

सहा वर्षं तो त्यांना दादा आणि तू म्हणत होता. देवदत्त खूश झाला. त्याला वाटलं, पोरगा भूमिकेत शिरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रल्हादराव मागच्या अंगणात झडलेली पानं दाताळ्याने ओढत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"दोघांनाही शब्द दिलात?"

"बाबा, सोमवारी मोहन आला होता. तुम्ही फिरायला गेला होतात. खाली ते ताट तसंच होतं. हे काय म्हणाला, मी सांगितलं. तर त्यानेच पान उचलून माझ्या हातात ठेवलं आणि वरून माझी मूठ दाबून धरली. बायकोचे रिपोर्ट घेऊन आला होता तो. काय म्हणणार होतो मी?"

"नाही म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी हिवाळ्यात हापूस मागितला.

"पण मी खोटं कोणाशीच बोललो नाही," ते म्हणाले. "दोघांना एवढंच सांगितलं, की तुझं नाव देणार नाही. नाहीच देणार."

"मग वरच्यांना देणार काय?"

"वेळ मागून घेतो. दोन्ही जागा राहतील, बघा तुम्ही. वरचे तसे चांगले आहेत."

अंधारून आलं होतं. ढिगातली पानं वाऱ्याने पुन्हा अंगणभर पसरत होती आणि ते न चिडता ती पुन्हा ओढत होते.

वरच्यांनी वेळ दिला. पुन्हा मागितला, पुन्हा दिला. त्यानंतर मागितला तेव्हा ते नुसते हसले आणि प्रल्हादरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना दारापर्यंत सोडायला आले. प्रल्हादराव घरी येऊन म्हणाले, काम झालं. नोकरीच्या काळात मी असे खांद्यावर ठेवलेले हात पाहिले होते. त्या दिवशी जेवताना मी मालिनीला विचारलं, "इथून परतीची तिकिटं किती आधी काढावी लागतात गं?"

"तुमचं आहे की काढलेलं, बाबा."

"माझं नाही म्हणत."

तिने माझ्या पानात भात वाढला आणि विषय बदलला. त्याच सुमारास देवदत्तने सत्यजितला वरच्यांच्या गाडीत बसून जेवायला जाताना पाहिलं. "चांगलं आहे ना," प्रल्हादराव म्हणाले. "ओळख वाढलेली बरी."

प्रयोग दिवाळीनंतरच्या शनिवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्या दरवर्षीइतक्याच मांडल्या होत्या. माणसं पुढच्या काही रांगांत मावली. इंग्लंडातल्या लिंकन गावच्या लढाईआधी प्रार्थनेच्या वेळी स्टीफनच्या हातातली मेणबत्ती मोडली होती, अशी नोंद आहे म्हणे, आणि लोकांनी तो अपशकुन मानला. हॉलमध्ये खरी ज्योत लावायला बंदी, म्हणून देवदत्तने बॅटरीवरची मेणबत्ती मधोमध कापून, चिकटवून ठेवली होती. प्रल्हादरावांनी तिला झटका दिला. मोडली नाही. पुन्हा दिला. ती नुसती लुकलुकत राहिली. एरवी प्रेक्षक अशा वेळी हसतात. कोणी हसलं नाही.

पुढे लढाईत उमराव राजाला एकटं टाकून पळतात. त्यासाठी ठरवलेल्या पाच माणसांतली दोन उरली होती, आणि तीही इतकी पटकन गेली की राजाला कुऱ्हाड उचलायलाही सवड मिळाली नाही.

मटिल्डाचं काम संपवून गिरिजा विंगेत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मुकुटाच्या पिना काढत होती.

"काका, आम्ही चाललो."

"जेवण आहे ना अजून?"

"पुण्याला चाललो. सत्यजितने वरच्यांशी बोलून ठरवलं. इथलं सगळं काम तिकडे न्यायचं. तो तिकडे टीम उभी करणार. इथल्यापेक्षा खूप स्वस्तात होतं म्हणाला." एक पीन तिच्या केसांत अडकली होती, ती तिने ओढून काढली. "नोकरी राहिली त्याची. माझं वर्ष गेलं."

"आणि मोहन?"

"कोणीच राहणार नाही. मोहन नाही, देवदत्त नाही."

मी रंगमंचाकडे पाहिलं. स्टीफनला मुलगा गेल्याची बातमी कळण्याचा प्रसंग चालू होता आणि प्रल्हादराव तो फार चांगला करत.

"आणि प्रल्हादराव?"

"काही महिने. शिकवायला ठेवणार आहेत."

"त्यांना माहीत आहे?"

"सोमवारी सांगणार आहेत सगळ्यांना." तिने शेवटची पीन काढली. "काका, तुमच्यासमोर शपथ घेतली होती त्यांनी. तुम्ही काही बोलला असतात तर."

मी बोलणार तेवढ्यात सत्यजित आमच्या मधून रंगमंचावर गेला. मिशी काढल्यामुळे पंधरा वर्षांनी लहान दिसत होता.

शेवटचा प्रसंग तहाचा. दमलेला राजा आणि तरुण हेन्री. तह असा झाला होता की स्टीफन मरेपर्यंत राजा राहील, पण त्याच्यामागे गादी मटिल्डाच्या मुलाची. प्रल्हादराव सिंहासनावरून म्हणाले, "बाळ, यादवी पुरे झाली. आमच्यामागे हे राज्य तुझं." यावर हेन्रीने गुडघे टेकायचे आणि पडदा पडायचा.

सत्यजितने गुडघे टेकले नाहीत. तो दोन पायऱ्या चढून सिंहासनाच्या अगदी जवळ गेला.

"तुमच्यामागे कशाला," तो म्हणाला. "तुमच्यासमोरच. तुम्ही बसून राहा, सर. फक्त कुठे काय ठेवलंय ते मला एकदा समजावून सांगा."

प्रल्हादरावांनी विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आपण काही वाक्य विसरलो. मी कागदावर बोट ठेवून होतो, आणि बोटाखाली फक्त 'पडदा' लिहिलेलं होतं. ते हसले. काय करावं हे कळलं नाही की ते नेहमीच हसत. मग त्यांनी मुकुट काढला आणि सत्यजितच्या हातात दिला. नाटकात असं नव्हतं. टाळ्या मात्र त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या पडल्या, आणि देवदत्त माझ्या कानात म्हणाला, "काका, काय सुचलंय यार दोघांना."

सोमवारी सगळ्यांना सांगितलं. मोहन त्याच दिवशी खाली उतरला. खोका त्याला दोन्ही हातांनी धरवत नव्हता, म्हणून प्रल्हादराव पार्किंगपर्यंत तो घेऊन गेले. मोहन त्यांना एवढंच म्हणाला, "माझं नाव तू खरंच दिलं नाहीस, ना?" प्रल्हादराव म्हणाले, नाही. आणि ते खरं होतं. एवढ्या शपथांमध्ये कोणी आपली शपथ अक्षरशः पाळली असेल, तर ती माझ्या जावयाने. त्यांनी कोणाचंच नाव दिलं नाही. वरच्यांनी मग नावं विचारायचं सोडून दिलं.

सत्यजित आणि गिरिजा नाताळाआधी गेले. प्रल्हादरावांना मार्चअखेरपर्यंतच्या नोकरीचं पत्र मिळालं.

जानेवारीत रोज सकाळी सातला पुण्याचा फोन यायचा. तिकडे संध्याकाळ. प्रल्हादराव जेवणाच्या टेबलावर स्पीकर लावून बसायचे, मी चहा घेऊन समोर. बाहेर बर्फ पडून पडून ओढ्याची बाजू दिसेनाशी झाली होती. सत्यजित एकेक प्रश्न विचारायचा आणि हे सविस्तर सांगायचे. दुसरं कोणी असतं तर निम्मं हातचं राखून ठेवलं असतं. हे तर तो विचारायला विसरेल तेही सांगायचे.

"आणि सत्यजित, ते शिकागोच्या ट्रकांचं गणित कुठेच लिहिलेलं नाहीये हां. ते माझ्या डोक्यातच आहे."

स्वयंपाकघराच्या दारात मालिनी उभी होती. तिने मानेने नको म्हटलं. मग हातानेही म्हटलं. प्रल्हादरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि शिकागोचं गणित सांगायला सुरुवात केली. संपलं तेव्हा चहावर साय धरली होती.

"वा, सर," स्पीकरमधून आवाज आला. "फार मदत होतेय. अजून किती राहिलंय?"

"थोडंच. मनावर घेतलं तर या महिन्यात संपवून टाकू."

"या महिन्यात?"

"हो, हो. तू काळजी करू नकोस."

पलीकडे सत्यजित कोणाशी तरी हळू आवाजात काही बोलला.

"मग मार्चपर्यंत थांबायची गरज दिसत नाही, सर," तो म्हणाला. "वरच्यांना मी तसं कळवू का?"

मालिनी दारातून पुढे आली. प्रल्हादराव फोनकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले. "चालेल की."